बगळागडाची अठ्ठाविसावी पायरी

एका राज्यात, जिथे वर्षातले आठ महिने धुके तटावर ठाण मांडून बसे आणि उरलेले चार महिने वेशीपाशी वाट पाहत उभे राही, तिथे शार्दूलवर्मा नावाचा एक उमराव होता. नाव वाघाचे, पण स्वभाव सशाचा. भित्रा म्हणावा तर तसे नव्हते. तीन लढायांत त्याने पाठ दाखवली नव्हती. पण केलेली गोष्ट बरोबर केली की चूक, हे त्याला कधीच ठरवता येत नसे. घोड्यावर बसला की उतरून खोगिराचा पट्टा पुन्हा पाही. पत्रावर मोहोर उठवली की ती फोडून मजकूर पुन्हा वाची. त्यामुळे त्याच्या गडावर लाख फार लागे.

त्याचा गड बगळागड. निळ्या ढालीवर एका पायावर उभा असलेला पांढरा बगळा, हे घराण्याचे चिन्ह. गडाच्या मधोमध गोल बुरूज होता आणि उमरावाचे कुटुंब त्याच्या माथ्यावर राही. वर जायला एकच जिना. त्याला खिडकी नाही, झरोका नाही, भरदुपारी काळोख. पायऱ्या एक्केचाळीस, त्यांतली अठ्ठाविसावी वीतभर उंच. पूर्वजांनी ती मुद्दाम तशी बांधली होती, चढून येणारा शत्रू अडखळून पडावा म्हणून. शत्रू आजवर एकही पडला नव्हता. घरची माणसे मात्र सगळी पडून झाली होती.

शार्दूलवर्म्याची पत्नी सौदामिनी. लग्नानंतर अकरा वर्षांनी तिला मुलगा झाला, त्याचे नाव कुवलय. तो सात वर्षांचा होईपर्यंत बुरुजावर हसण्याचा आवाज होता. मग तो थांबला. कारण त्या राज्यात उमरावांची एक रीत होती.

मूल सात वर्षांचे झाले की ते दुसऱ्या उमरावाच्या गडावर वाढायला पाठवायचे आणि एकवीस वर्षांचे झाले की परत आणायचे. मधल्या चौदा वर्षांत भेटायला जायचे नाही, निरोप धाडायचा नाही. विचारपूस करणे म्हणजे यजमानाच्या घरावर संशय घेणे, असे मानीत. ‘आपल्या हाताखालचे मूल लाडावते, परक्या हाताखालचे मूल उमराव होते,’ असे म्हातारी माणसे सांगत. पाठवणीच्या दिवशी कोकराच्या कातड्याचे हातमोजे शिवत. डावा मोजा मुलाबरोबर जाई, उजवा आईजवळ राही. चौदा वर्षांनी मूल परत आले की त्या इवल्याशा मोज्यात त्याचा हात घालून पाहत; तो अर्थातच शिरत नसे; आणि सारा गड हसत हसत पंगतीला बसे.

कुवलयला पाठवले काळ्या डोहाच्या गढीवर, उमराव नागकेसराकडे. निघताना त्याने घोड्यावरून विचारले, “आबासाहेब, तुम्ही कधी येणार?”

शार्दूलवर्मा म्हणाला, “उमराव येत नसतात, कुवलय. उमराव वाट पाहतात.”

हे उत्तर बरोबर होते की चूक, ह्याचा विचार तो चौदा वर्षे करीत होता.

चौदा वर्षे सरली. कुवलयच्या परतण्याचा दिवस उजाडला. वेशीवर तोरण लागले, अंगणात चुली पेटल्या, चांदीच्या तबकात उजवा हातमोजा ठेवला गेला. शार्दूलवर्म्याचा सकाळपासून चार वेळा अंगरखा बदलून झाला होता. धुक्यातून टापांचा आवाज येईल म्हणून सगळे कान देऊन होते. आला तो पंखांचा आवाज. एक ओला पाणकावळा तबकाशेजारी उतरला आणि चोचीतली वस्तू त्याने खाली टाकली. ती खणकन वाजली. तो डावा हातमोजा होता, आणि तो दगडाचा झाला होता.

पाणकावळा म्हणाला, “मी काळ्या डोहातल्या जळमायेचा दूत. उमराव शार्दूलवर्मा आपणच?”

“बहुतेक मीच,” शार्दूलवर्मा म्हणाला. “कुवलय कुठे आहे?”

“गढीत आहे. दगड होऊन पडला आहे. उमराव नागकेसराने डोहातून जळमायेचा मुकुट वर काढला. ती मागायला आली तर म्हणाला, डोह माझा, डोहातलं सगळं माझं. जळमाया म्हणाली, ‘तळाच्या काळोखात लाख धोंड्यांतून मी माझा मुकुट हातानं ओळखते. तुम्हाला तुमचं काय ओळखू येतं, ते पाहू.’ तिनं डोळे मिटले आणि गढी दगडाची झाली. नागकेसरही, आणि त्याच्याकडे वाढणारी नऊ मुलंही.”

“मग आम्ही काय करावं?” सौदामिनीने विचारले.

“ज्याचा जो, त्याने येऊन ओळखावा. अंगावर हात ठेवून नाव घ्यावं. नाव बरोबर निघालं तर दगडात जीव येईल. चुकलं तर नाव घेणाराही दगड होईल. नाव एकदाच घेता येतं. गढीपर्यंत दोन कामं पडतील, हे तिसरं.”

“हे झालं कधी?”

“दोन वर्षं झाली.”

“दोन वर्षं! आणि आम्हाला कळवलं नाही?”

“आपण विचारलं नाहीत,” पाणकावळा म्हणाला. जाता जाता एवढेच बोलला, “आपल्याआधी सहा उमराव आले. ते तिथंच आहेत.” आणि तो धुक्यात शिरला.

अंगणातल्या चुली विझवायचे कोणाला सुचले नाही. शार्दूलवर्मा दगडाचा मोजा हातात घेऊन उभा होता. तो म्हणाला, “सौदामिनी, मला त्याचा चेहरा आठवतो तो सात वर्षांचा. आज तो एकवीस वर्षांचा आहे. मी त्याला ओळखणार कसा?”

“हे तुम्हाला विचारावंसं वाटलं, इथेच निम्मं काम झालं,” सौदामिनी म्हणाली. “ते सहाजण विचारत बसले नसतील.”

“सेनापतीला पाठवू का? तो धीट आहे.”

“अहो, धीट माणसाचं काम नाही हे. बापाचं आहे.” तिने तबकातला उजवा मोजा उचलला आणि त्याच्या अंगरख्याच्या आत, छातीशी खोचला. “गड मी राखते. तुम्ही जा. आणि पट्टा एकदाच तपासा, दहादा नको.”

त्याने तो दोनदा तपासला आणि निघाला. बरोबर कोणालाही घेतले नाही. फक्त मनगटावर चपला होती. चपला ही त्याची ससाणी. ती तेवीस वर्षांची झाली होती, एका डोळ्याने तिला कमी दिसे, आणि कबुतरही तिच्या हाती लागत नसे. त्या राज्यात म्हाताऱ्या ससाण्यांना वाचा फुटते. चपलेला ती जरा जास्तच फुटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलके रान लागले. त्यातून सात वाटा फुटत होत्या आणि प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एकेक झाड उभे होते. उमरावाला पाहताच झाडे ओरडू लागली.

“इकडून या, उमराव! निःशंक या!”

“त्याचं ऐकू नका! ही वाट सरळ गढीला जाते. तीनशे वर्षं पाहतो आहे मी!”

“शपथेवर सांगतो, माझीच वाट खरी!”

सहा झाडे अशी गर्जत होती. सातवी एक खुरटी बोर होती. ती काहीच बोलत नव्हती. शार्दूलवर्मा घोड्यावरून उतरून तिच्याजवळ गेला. “बाई, तुम्ही का गप्प?”

बोर म्हणाली, “मला नक्की सांगता येत नाही, महाराज. मी कधी त्या टोकाला गेलेली नाही. मुळं आहेत ना. पण संध्याकाळी पाखरं ह्या बाजूनं परत येतात आणि त्यांचे पाय ओले असतात. तिकडे पाणी असावं, एवढंच म्हणेन. चुकतही असेन.”

“सरकार,” चपला म्हणाली, “इतक्या वर्षांनी आपल्या नात्यातलं कोणी भेटलं.”

शार्दूलवर्म्याने बोरीला वाकून नमस्कार केला आणि तिची वाट धरली. वाटेत त्याला गंजलेल्या कुऱ्हाडी दिसल्या. आधीचे उमराव खात्रीच्या वाटांवर भटकून दमले होते आणि शेवटी झाडे तोडत पार झाले होते. त्याला मात्र काही तोडावे लागले नाही. दुपारी रान संपले आणि पाण्याचा वास आला.

पाण्याआधी दरी होती आणि दरीवर पूल. पुलाच्या तोंडाशी एक राक्षसीण बसली होती. तिच्या मांडीवर बैलाएवढे पोर होते आणि ते रडत होते. त्या रडण्याने पुलाचे चिरे हलत होते.

“म्हाताऱ्या,” राक्षसीण म्हणाली, “तीन महिने माझ्या डोळ्याला डोळा नाही. ह्याला झोपव आणि पूल ओलांड. नाही झोपला तर मी तुला खाईन.”

“आधीच्या उमरावांनी काय केलं?”

“सहाही जणांनी कसलं तरी चूर्ण हुंगवलं. तो घटकाभर पडला, मी तेवढ्यात त्यांना सोडलं, आणि मग हा दुप्पट रडला. आता मी चूर्ण चालवून घेत नाही.”

शार्दूलवर्म्याला अंगाई येत नव्हती. त्याला एक रणगीत येत होते, ते त्याने म्हटले. पोर तिप्पट रडू लागले.

“ह्या आवाजानं आपले शत्रू का पळाले ते आज कळलं,” चपला म्हणाली.

“गप्प बस, चपले. मला सुचू दे.”

काही सुचले नाही. पण रडता रडता पोराने हात झाडले आणि त्यात उमरावाचा अंगठा सापडला. पोराने तो मुठीत घट्ट धरला. मूठ रांजणाएवढी होती, तरी धरण्याची तऱ्हा ओळखीची होती. आणि शार्दूलवर्म्याच्या डोक्याला जे आठवत नव्हते, ते त्याच्या हाताला आठवले.

तो मोजू लागला. “एक. दोन. तीन. चार.”

बगळागडाच्या जिन्यावरून तो कुवलयला असाच नेत असे. काळोखात मूल घाबरे, म्हणून पायऱ्या मोजायच्या. सत्ताविसावी आली की त्याचा हात दोनदा दाबायचा: आता उंच आहे, पाय उचल. आणि मूल एकदा दाबून उत्तर देई: उचलला. हे त्या दोघांनाच ठाऊक होते. सौदामिनीलासुद्धा नव्हते.

“पंचवीस. सव्वीस. सत्तावीस.” त्याने पोराचा पंजा दोनदा दाबला आणि जरासा वर उचलला. पोर रडायचे थांबून पुढे काय होते ते पाहू लागले. एक्केचाळीस झाल्यावर तो पुन्हा एकपासून चढला. तिसऱ्यांदा चढताना, एकोणिसाव्या पायरीवर, पोर झोपले.

राक्षसीण हळूच म्हणाली, “तुझं पोर कुठं आहे?”

“मी त्याला पाठवून दिलं. सात वर्षांचा असताना.”

“का?”

“आमच्यात रीत आहे.”

“आमच्यात नाही,” राक्षसीण म्हणाली आणि बसल्या जागी घोरू लागली.

शार्दूलवर्मा लगेच उठला नाही. अंगठा अजून मुठीत होता हे खरे. पण त्याने तो सोडवूनही घेतला नाही. ऊन पुलावरून सरकले तेव्हा मूठ आपोआप सैल झाली, आणि तो निघाला.

काळ्या डोहाच्या काठी गढी उभी होती. दरवाजा उघडा होता. मोठ्या दालनाच्या खिडकीत जळमाया केस विंचरत बसली होती. तिच्या फणीतून पाणी ठिबकत होते. मधल्या उच्चासनावर उमराव नागकेसर दगड होऊन बसला होता. दोन्ही हातांनी त्याने मांडीवरचा चांदीचा मुकुट धरला होता. आणि समोर नऊ ओट्यांवर नऊ तरुण पाषाण होऊन पडले होते. त्या दिवशी ते लुटुपुटीची लढाई खेळून दमून लवंडले होते, ते तसेच. अंगात चिलखत, तोंडावर ओढलेली शिरस्त्राणे, उजवा हात छातीवर, डाव्या हातावर ढाल. चेहरा एकाचाही दिसत नव्हता.

“आलात?” जळमाया म्हणाली. “सांभाळून चाला. फरशी ओली आहे.”

“बाई, शिरस्त्राणं वर करता येतील का?”

“दगडाची आहेत.”

नवांतल्या तिसऱ्या ढालीवर बगळा होता. एका पायावर उभा, चोच किंचित खाली. शार्दूलवर्मा धावत त्या ओट्यापाशी गेला, हात पुढे केला, नाव ओठांवर आले.

आणि मग, आयुष्यभर झाले तेच झाले. त्याला शंका आली.

“बोला की, सरकार!” चपला म्हणाली. “ढाल आपलीच आहे.”

“ढाल आपली आहे. ढालीखाली कोण आहे?”

त्याने आजूबाजूला पाहिले. इतर ओट्यांपाशी सहा दगडी म्हातारे वाकून उभे होते. एकाच्या छातीवर रानडुकराचे चिन्ह होते आणि त्याचा हात रानडुकराच्या ढालीवर होता. दुसऱ्याच्या छातीवर तीन मासे आणि हात तीन माशांच्या ढालीवर. सहाही जणांनी आपापले चिन्ह बरोबर ओळखले होते. आणि सहाही जण दगड झाले होते.

“बाई,” शार्दूलवर्मा म्हणाला, “ह्या ढाली तुम्ही बदलल्यात?”

“मी कशाला बदलू? त्यांनीच बदलल्या होत्या. खेळताना नेहमी बदलत. एकमेकांवर जीव होता त्यांचा.” तिने फणी झटकली. “बापांना ठाऊक नव्हतं, त्याला मी काय करू?”

शार्दूलवर्म्याने बगळ्याच्या ढालीवरून हात मागे घेतला. मग दालनाच्या मधोमध उभा राहून तो बोलू लागला. आवाज फार मोठा नव्हता.

“कुवलय, ह्या नवांतला तू कोण, ते मला कळत नाही. दोष तुझा नाही. तू विचारलं होतंस, कधी येणार. मी चुकीचं उत्तर दिलं. मला यायला हवं होतं. एकदा मी निम्म्या वाटेपर्यंत आलोही होतो. लोक काय म्हणतील म्हणून परतलो. आता आलो आहे. नाव मी एवढ्यात घेत नाही. फक्त हात धरतो.”

चपलेला खांद्यावर बसवून त्याने ससाणी धरायचा कातडी मोजा हातातून काढला आणि तो पहिल्या ओट्यापाशी गेला. छातीवरचा दगडी हात हातात घेतला, दोनदा दाबला. वाट पाहिली. काही नाही. दुसरा. काही नाही. तिसरा, बगळ्याच्या ढालीचा. काही नाही. असे करीत नववा झाला. नववाही थंडच राहिला.

चपला त्याच्या गालाशी सरकली.

शार्दूलवर्मा ओट्याच्या कडेला टेकला. हाताला आठवले ते खोटे असेल का? की मुलगा विसरला असेल? चौदा वर्षे! विसरायचाच. मग त्याच्या मनात नेहमीचा विचार आला: चूक माझीच असणार. कुठे चुकलो, ते पाहू. तो उठून उभा राहिला, डोळे मिटले आणि दालनाच्या सपाट फरशीवर बगळागडाचा जिना चढू लागला. एक. दोन. तीन. जिना डावीकडून उजवीकडे वळत वर जातो. मधला खांब उजव्या हाताला. मी खांबाच्या बाजूला, मूल माझ्या डावीकडे, भिंतीशी. म्हणजे माझा डावा हात आणि त्याचा... छे. भिंतीशी पायरी रुंद, म्हणून मूल तिकडे असायला हवे. पण कुवलय डावीकडे चालायला तयार नसे! भिंतीत पाली आहेत म्हणे. तो नेहमी खांबाच्या बाजूला. म्हणजे माझा उजवा हात, त्याचा डावा.

“चपले,” तो म्हणाला, “मी आतापर्यंत सगळे उजवे हात दाबले.”

डावे हात ढालींखाली होते. ढाल आणि छाती ह्यांच्यामध्ये बोटे शिरतील एवढीच फट होती. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पहिल्या ढालीखाली हात घातला. कातडी सोलवटली. काही नाही. दुसरा, तिसरा. काही नाही. चौथ्याच्या ढालीवर रानडुक्कर होते आणि तिच्यावर त्या दगडी बापाचा हात टेकलेला होता. “क्षमा असावी,” असे त्या दगडी उमरावाला म्हणून त्याने त्याच्या हाताखालून आपला हात सरकवला. बोटे चाचपली. दोनदा दाबली.

दगडाने एकदा उत्तर दिले.

इतके हलके, की माशीने पंख मिटावा. शार्दूलवर्मा श्वास धरून राहिला. भास असेल. माझ्याच बोटांतली शीर उडाली असेल. पुन्हा दाबून पाहावे. पुन्हा उत्तर आले तर खात्री होईल. त्याने बोटे आवळलीही.

पण मग थांबला. जिन्यात मूल दुसऱ्यांदा कधी दाबत नसे. कशाला दाबेल? पाय उचललेला असे. आता वर न्यायचे काम बापाचे.

चुकले तर इथे सातवा म्हातारा उभा राहील आणि सौदामिनी गडावर वाट पाहत राहील. हे सगळे त्याला दिसत होते. त्याने पट्टा तपासला नाही, मोहोर फोडली नाही. तो म्हणाला, “कुवलय.”

ढालीखालचे बोट ऊबदार झाले. मग हात, मग दंड. दगड चिलखतावरून वाळूसारखा ओघळला. शिरस्त्राण वर झाले आणि खालून एका दाढीवाल्या, अगदी अनोळखी तरुणाने डोळे उघडले.

“आबासाहेब,” तो म्हणाला, “आपण आलात?”

“थोडा उशीर झाला,” शार्दूलवर्मा म्हणाला. त्याला आणखी बरेच बोलायचे होते; पण हात ढालीखाली अडकला होता आणि डोळ्यांपुढचे दिसत नव्हते.

“आता दोघं रडत बसू नका,” चपला म्हणाली. “आणखी आठ आहेत.”

“पण ज्याचा जो, त्यानेच ओळखायचं ना?” उमराव म्हणाला. “त्यांचे वडील तर...”

“आबासाहेब, हे माझेच आहेत,” कुवलय म्हणाला. “बारा वर्षं एका ताटात जेवलो आम्ही.” एकेकाच्या अंगावर हात ठेवीत तो ओट्यांजवळून झरझर चालत गेला. ढालींकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. “हा पाय दुमडून झोपलाय, म्हणजे सुबाहू. ऊठ रे! ह्याची टाच नेहमी बाहेर वळते, हा चित्रांगद. हा आडवातिडवा पडलाय तो दमन. झोपेत लाथा मारतो, आबासाहेब, ह्याच्या शेजारी कोणी झोपत नाही. आणि ही बगळ्याची ढाल माझ्याकडून जिंकून बसलाय तो शतानीक. लबाडीनं जिंकली!”

“लबाडीनं नाही!” दगड पुरता गळायच्या आत शतानीक ओरडला.

आठही जण उठले. पण सहा बाप आणि नागकेसर अजून दगडच होते. कुवलय उच्चासनापाशी गेला. ज्या यजमानाने त्याला तलवार शिकवली, त्याच्या दगडी बोटांतून त्याने मुकुट हळूहळू सोडवला आणि दोन्ही हातांनी जळमायेपुढे धरला. “हा आपला.”

जळमायेने डोळे मिटून त्यावरून बोटे फिरवली. “माझाच,” ती म्हणाली. तिने मुकुट केसांत खोचला, खिडकीतून डोहात उतरली, आणि पाण्यावर तरंगही उठला नाही. त्याच क्षणी गढीचा दगड गळला. सहाही बाप कमरेवर हात ठेवून कण्हत सरळ झाले. इतके दिवस वाकून उभे राहणे काही थोडे नव्हे. नागकेसर खाली मान घालून उभा राहिला. मग मुले बापांना आणि बाप मुलांना शोधू लागले, आणि त्यात बराच गोंधळ झाला. तीन माशांच्या उमरावाने घाईघाईने भलत्यालाच मिठी मारली. पण आता चुकण्याला भय नव्हते.

परतताना बोरीच्या झाडापाशी शार्दूलवर्मा थांबला आणि तिला सांगितले, “वाट बरोबर होती.” बोर म्हणाली, “खरंच? मला रात्रभर रुखरुख होती.”

बगळागडावर चुली पुन्हा पेटल्या. सौदामिनीने मुलाकडे पाहिले, त्याच्या दाढीला हात लावला, मग नवऱ्याच्या सोलवटलेल्या हाताला तूप लावले. उजवा मोजा तबकात ठेवला गेला. कुवलयच्या हाताची दोन बोटे त्यात शिरली, शिवण उसवली, आणि सारा गड हसत पंगतीला बसला.

राजाच्या कानांवर हे गेले. त्याने सगळ्या उमरावांना बोलावून आज्ञा केली की मुले पाठवायची ती पाठवावीत, कारण त्यांना भाऊ मिळतात. पण दर ऋतूला एकदा आईबापांनी जाऊन त्यांचे हात हातांत घ्यावेत, आणि जो जाणार नाही त्याची ढाल उतरवली जाईल. त्या आज्ञेवर मोहोर उठली आणि ती कोणी फोडली नाही.

पंगत उठली. शार्दूलवर्मा आणि कुवलय बुरुजाच्या जिन्याशी आले. बाहेर ऊन होते, आत नेहमीचा काळोख. म्हाताऱ्याचा उजवा हात मुलाच्या डाव्या हातात होता, आणि कुवलय, एकवीस वर्षांचा, अजून खांबाच्याच बाजूने चालत होता. दोघेही मनात मोजीत होते. सत्ताविसाव्या पायरीवर मुलाने बापाचा हात दोनदा दाबला.

उमराव त्या जिन्यात पन्नासाहून अधिक वर्षे चढ-उतार करीत होता. ती पायरी त्याला झोपेतही ठाऊक होती. पण हे तो काही बोलला नाही. त्याने एकदा दाबून उत्तर दिले आणि पाय उचलला.

ती पायरी अजून उंच आहे, कोणी तासली नाही. ज्यांच्या हाती कोणाचा हात आहे ते सुखाने वर पोहोचोत. कथा सांगणारा इथे, पायथ्याशी, थांबतो.